टेलकडून नाथसागरापर्यंत

आमचं शेत परभणी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं. पैठणला नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, पाणी सुटल्याचं कळलं की आम्ही पोरं शेताकडं पाणी आणणाऱ्या चारीवर जाऊन बसायचो. कधी पाणी यायचं, कधी वरच्यांचं भिजता भिजताच आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपायचं. आलंच तर पहिल्या धारेत पळसाच्या पानाची नाव मी सोडायचो. तेव्हापासून मनात होतं, होडीत बसून हे पाणी येतं तिथवर उलटं जायचं.

पण कालव्यातून होडी जात नाही. इंग्लंडातले जुने कालवे मालवाहतुकीसाठी खोदलेले, त्यामुळे आज तिथं लोक सात फूट रुंदीच्या होड्यांत संसार थाटून राहतात. आपला कालवा शेतीसाठी. मध्ये दारं आणि खाली टेकलेले पूल. मग 208 किलोमीटर मोटारसायकलवरच, कडेकडेनं, दोन दिवसांत केले. रस्त्यानं कंबर मोडली. अंबडच्या अलीकडे एका आजींनी मात्र नाव-गाव न विचारता भाकरी-ठेचा पुढ्यात ठेवला.

पैठणला एक भोई मामा जाळी टाकायला निघाले होते. मी विनवलं, त्यांनी पत्र्याच्या होडीत जागा केली. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

जानेवारीतली सकाळ. धुकं पाण्याला चिकटलेलं, त्यात पट्टकादंब पक्ष्यांचा कलकलाट. काठ दिसेनासा झाला तसं मी बोलणंच विसरलो. धरणाची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे हे शाळेत पाठ केलं होतं. इथं ती धुक्यात एक बारीक काळी रेघ होती. मामांनी वल्हं उचलून दाखवलं, "डाव्या कालव्याचं तोंड तिकडं. तिकडं आपण जायचं नाही, ओढ असती."

मी अण्णांना फोन लावला.

"आलं का पाणी?"

"अजून नाही. तू कुठंय?"

"नाथसागरात. होडीत. अण्णा, पलीकडचा काठच दिसत नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वल्ह्याचा आवाज ऐकव."

मी फोन पाण्याजवळ धरला. मामांना काय कळलं कोण जाणे, ते सावकाश, मोठमोठे हात मारू लागले. चाळीस वर्षं चारीवर रात्री जागून काढलेला माणूस तिकडे कान लावून बसला होता. माझा घसा दाटून आला.

परतताना मामांना म्हणालो, मला अशीच एक होडी घ्यायचीय. त्यांनी तळाचं डांबर दाखवलं, सांधे दाखवले, दरवर्षी काय करावं लागतं ते सांगितलं. मग म्हणाले, "दादा, सोळाच्या उन्हाळ्यात ही बाभळीखाली पालथी पडून होती. जाळी गुंडाळून आम्ही ऊसतोडीला गेलतो." दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते हेच 2016 साल. ज्यांचं पोट होडीवर आहे त्यांनाही ती पालथी घालून बसावं लागतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

तरी होडी घ्यायची आहेच. काठाला लागल्यावर मामांच्या होडीची लांबी दोरीनं मोजून घेतली. घरी येऊन गोठ्यात दोरी धरली. अण्णांनी दुसरं टोक धरलं होतं. दावणीकडून भिंतीपर्यंत बसते.