"मॅडम, मी सरळच उभाय की"

बॅलन्स लॅबमधलं माझं काम म्हणजे धडधाकट माणसाला फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांखालचा भार कुठे पडतो ते नोंदवणाऱ्या पाटावर, उभं करायचं आणि तो किती डुलतो ते मोजायचं. कुणीच पूर्ण स्थिर उभं नसतं. शरीराचा भार घोट्याच्या जरासा पुढे पडतो, त्यामुळे पोटऱ्या सारख्या मागे खेचत असतात, आणि डोळे मिटले की डुलणं अजून वाढतं. निम्मा वेळ तर लोकांना गप्प करण्यात जातो. "बोलू नका" म्हटलं की हमखास विचारतात, "म्हणजे अजिबातच नाही?"

त्या दिवशी एक रनर पोरगा आलेला. सपाटीवर डोळे मिटून असा उभा की ग्राफवर नुसता ठिपका. मग १० अंशांचा वेज, म्हणजे उतरत्या पाचरीसारखा ठोकळा, त्यावर बोटं वर, टाचा खाली. हा वेज म्हणजे डोक्याला ताप, केसभर सरकला तरी रीडिंग बाद, म्हणून मी चारी बाजूंनी टेप मारते, प्लेट परत झिरो करते, पावलांची आउटलाइन खडूने काढते. ज्युनिअर मंडळी यातलं काही करत नाहीत आणि वर मशीनलाच शिव्या घालतात.

तर डोळ्यांवर पट्टी बांधून तीनेक मिनिटं वेजवर उभा केला, तिथेही मस्त. मग हात धरून शेजारच्या सपाट प्लेटवर आणला, पट्टी तशीच, आणि हात सोडल्यावर बघते तर हा घोट्यातून फळीसारखा अख्खाच्या अख्खा पुढे कललेला, भार पार बोटांवर! मी पटकन कमरेचा बेल्ट धरला.

"अरे, सरळ उभा राहा."

"मॅडम, मी सरळच उभाय की."

मला वाटलं चेष्टा करतोय. पट्टी काढली तसा दचकून ताठ झाला, आणि "मी खरंच वाकलो होतो?" हे त्याने तीनदा विचारलं.

आधी प्लेट तपासली, ठीक होती. सिनियर म्हणाले आउटलायर आहे, म्हणजे बाकीच्यांपेक्षा भलतंच रीडिंग, काढून टाक. त्यांना न पटणारं सगळंच आउटलायर असतं. मला मात्र आठवलं की याला लीन आफ्टरइफेक्ट म्हणतात. वेजवर पाऊल आणि नडगी यांच्यातला कोन लहान होतो, शरीर तोच कोन 'सरळ' म्हणून धरून बसतं, आणि सपाटीवर तोच कोन ठेवला तर माणूस पुढेच जाणार ना. डोळे उघडले की चूक लगेच कळते. वाचलं होतं सगळं, पण बेल्टला हिसका बसेपर्यंत ते कागदावरच होतं.

संध्याकाळी मी स्वतः पट्टी बांधून वेजवर उभी राहिले. उतरल्यावर काहीच नाही, ताठ. सगळ्यांना होत नाही हेही वाचलेलं, पण सपाटीवर माझा ग्राफ त्याच्या दुप्पट डुलतो, मग फसला तो आणि मी नाही, असं का?

पुढच्या आठवड्यात त्याला परत बोलावलंय, आता टाचा वर करून, बघू मागे जातो का. बेल्ट मीच धरणार, ज्युनिअर नाही.