शेणाची पाटीसुद्धा

शेणाची पाटीही ‘कलोस’, म्हणजे ग्रीकमध्ये सुंदर, म्हणायची का, असा तिरकस प्रश्न अरिस्तिप्पोस या शिष्याने सॉक्रेटिसला टाकला होता. झेनोफोन या दुसऱ्या शिष्याने तो संवाद नोंदवून ठेवलाय. सॉक्रेटिस म्हणाला, म्हणायचीच. आणि ढाल सोन्याची असली तरी कुरूप, जर पाटी आपल्या कामाला नीट बेतलेली असेल आणि ढाल नसेल तर.

अथेन्सच्या प्राचीन मद्यपात्रांवर ‘लेआग्रोस कलोस’ असं एका तरुणाबद्दल रंगवलेलं असतं. तिथे हा शब्द म्हणजे निव्वळ देखणा. त्याला ‘अगाथोस’, म्हणजे भला, जोडला की खानदानी सद्गृहस्थ तयार होतो. सॉक्रेटिस मात्र हाच शब्द हत्यारं-भांड्यांना लावतो, आणि खरी मजा तिथेच आहे.

पाटीवरून बोलणं घरावर येतं. घराचं तोंड दक्षिणेला, पुढे पडवी. दक्षिणेची बाजू उंच, उत्तरेची बुटकी, म्हणजे गार वारे अडतात. आता हिशोब मांडू. अथेन्स ३८ अक्षांशावर. जूनच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७५ अंश वर, डिसेंबरात जेमतेम २८-२९. पडवीची वळचण ३ मीटर उंच धरली, तर उन्हाळ्यात ऊन ८० सेंटिमीटर आत येऊन थांबतं; हिवाळ्यात साडेपाच मीटर, म्हणजे पडवी ओलांडून थेट खोलीत. वळचण फार खाली आणली की थंडीतलं हवंहवंसं ऊनही बाहेरच राहिलं. इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या ओलिन्थोस या ग्रीक शहराच्या उत्खननात अंगणाकडे, दक्षिणेला उघडणाऱ्या अशा पडव्या घरोघर सापडल्या. (आपल्याकडे दक्षिणमुखी फ्लॅट म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण पुण्यात २१ जूनला दुपारी सूर्य डोक्यावरून पाच अंश उत्तरेला असतो, त्यामुळे हे गणित इथे जसंच्या तसं चालायचं नाही.)

झेनोफोनच्याच नोंदींत सॉक्रेटिस पिस्तियासशीही बोलतो; हा चिलखतं करायचा. इतरांपेक्षा मजबूत नाहीत, करायला खर्चही जास्त नाही, तरी भाव चढा. का, तर मापात बसतात. ढगळ चिलखताचं सगळं ओझं खांद्यावर लोंबकळतं किंवा भलत्याच जागी रुततं. बेतात बसलेलं असलं की तेच वजन गळ्याजवळचं हाड, खांदे, छाती, पाठ, पोट यांत वाटलं जातं आणि जाणवेनासं होतं. अगदी घट्टही नको; माणूस वाकतो, वळतो, तेव्हा ते टोचायला लागतं.