आरटीओ चलानची ती फाईल

आज गल्लीतल्या ग्रुपवर दिवसभर एकच फाईल फिरत होती. नाव 'आरटीओ चलान', शेवटी एपीके. आणि पाठवणारा ओळखीचाच! मेख तिथंच आहे. त्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो आणि फाईल त्याच्या नावानं आपोआप पुढं जाते.

एपीके म्हणजे ॲप. चलान कधी ॲप होऊन येत नाही. एमएच ०९ ची गाडी असो नाहीतर दुसरी कुठली, महाराष्ट्रातला दंड बघायचा तर महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाईप करायचा. गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे ४ आकडे लागतात, बास.

चुकून इन्स्टॉल केलंच, तर ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी थेट ठगांच्या हातात. आधी डेटा, वायफाय बंद करा, सिम काढा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवा. नुसतं ॲप उडवून भागत नाही, फोन रीसेट मारा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. उशीर झाला की पैसे पाच-सहा खात्यांत पांगतात, मग अडवायचे कुठं?

आणि व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'डिजिटल अरेस्ट' म्हणणारा? कायद्यात असली अटकच नाही भावा, फोन ठेव. घरातल्या आजोबांनाही आज रात्री जेवताना एवढं सांगाच.