दोन मिनिटं काहीही करायचं नाही

दोनेक महिन्यांपूर्वी भाचा सोफ्यावर उताणा पडून पोकेमॉन सोर्ड हा व्हिडिओ गेम खेळत होता. खेळत होता म्हणजे बटण दाबत होता. हॉप, म्हणजे गेममधला आपला मित्र आणि प्रतिस्पर्धी, आला, बोलला. हॉपचा भाऊ लिऑन आला, तो बोलला. मग हॉपने पुढे कुठे जायचं ते सांगितलं, आपल्या आधी धावत तिथे पोचला आणि तेच पुन्हा सांगितलं. पोरगा नऊ वर्षांचा. स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "मावशी, हा गप्प कधी बसणार गं?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! गेली कित्येक वर्षं, पोकेमॉनचे गेम पोरकट होत चाललेत ही तक्रार मी केली की एकच उत्तर मिळतं: "अगं, लहान मुलांचा गेम आहे तो. तू थोराड झालीस, गेम नाही बदलला." मीही अधूनमधून ते खरं मानून गप्प बसायचे. आणि आता ज्याच्यासाठी म्हणून हे सगळं केलंय तोच कंटाळलाय.

गेम लहान मुलांचाच होता, त्याबद्दल वादच नाही. मी आणि ताईने (म्हणजे ह्या भाच्याच्या आईने) पोकेमॉन रुबी खेळायला घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. गेम २००२ चा, आमच्याकडे जरा उशिरानेच आला, तोही कुणीतरी वापरून झालेला. बरोबर डबा नाही, माहितीपुस्तिका नाही, नुसतं लाल कार्ट्रिज.

त्या गेममध्ये समुद्रात एक जागा आहे. रूट १३४ वर पाण्याला इतकी ओढ आहे की माणूस वाहतच जातो. वाहता वाहता नेमक्या ठिकाणी डाइव्ह मारलं तर खाली एक गुहा सापडते आणि गुहेच्या भिंतींवर नुसते ठिपके. आधी आम्हाला वाटलं कार्ट्रिज बिघडलं. मग ताई म्हणाली, ही आंधळ्यांची लिपी आहे. दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयातल्या कोशातून ब्रेलचा तक्ता वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणला. मी ठिपके सांगायचे, ती अक्षर लावायची. पहिल्या खोलीतल्या शेवटच्या भिंतीवर निघालं, इथे खोदा. आतल्या खोलीत निघालं, पहिला रेलिकँथ, शेवटचा वेलॉर्ड.

म्हणजे आपल्या पोकेमॉनच्या संघात सर्वांत पुढे रेलिकँथ ठेवायचा आणि सर्वांत मागे वेलॉर्ड. रेलिकँथ पाण्याखालच्या शेवाळात क्वचित कधीतरी भेटतो. वेलॉर्ड हवा तर वेलमर नावाच्या पोकेमॉनला चाळिसाव्या लेव्हलपर्यंत वाढवायचं, मग त्याचा वेलॉर्ड होतो. आमच्याकडे दोन्ही नव्हते. दोन आठवडे गेले त्यात. शेवटी दोघांना घेऊन गेलो तेव्हा जमीन हादरली आणि लांब कुठेतरी तीन दारं उघडल्याचं कळलं. कुठे, ते गेमने सांगितलं नाही. नकाशावर बाण नाही, कानाशी कुणी मित्र नाही.

त्यातलं एक दार एका बेटावरच्या गुहेत होतं, रेजाइस नावाच्या पोकेमॉनचं. तिथेही ठिपकेच. वाचलं तर काय, थांबा, वेळ जाऊ द्या. दोन मिनिटं एकाही बटणाला हात लावायचा नाही. लावलात की पुन्हा पहिल्यापासून. गेमबॉय जमिनीवर ठेवून आम्ही दोघी मांडी घालून त्याच्याकडे बघत बसलो होतो. दहा आणि तेरा वर्षांच्या पोरींना काहीही न करता बसवून दाखवणारा गेम! तुम्ही वाचाल, शोधाल, लावाल, वाट बघाल, हे त्याने धरूनच चाललं होतं.

हेच रेजी, म्हणजे रेजाइस आणि बाकी दोन दारांमागचे त्याचे भाऊबंद, २०२० मध्ये सोर्ड-शील्ड ह्या जोडगेमच्या क्राउन टुंड्रा नावाच्या पुरवणीत परत आले. कोडी आहेत. दारावर ठिपकेही आहेत. पण दारासमोर जाऊन बटण दाबलं की वाक्य सरळ वाचायला मिळतं. ठिपके आता शोभेचे.

ह्याला मी पोरकट म्हणते. रंग भडक झाले, पात्रं गोंडस झाली, त्याचं मला काही नाही. गोंडस तर पिकाचू पहिल्या दिवसापासून होता. पोरकट म्हणजे समोरच्या पोराला काही कळणार नाही असं गृहीत धरून त्याच्याशी बोलणं.

रायव्हलचंच, म्हणजे गेममधल्या प्रतिस्पर्ध्याचंच बघा ना. पोकेमॉन गोल्डमधला लाल केसांचा मुलगा प्रयोगशाळेतून पोकेमॉन चोरून पळतो. पोलीस आपल्यालाच विचारतो, त्याचं नाव काय? आणि ते आपण टाइप करायचं. आम्ही आतेभावाचं नाव टाकलं होतं, त्याला अजून माहीत नाही. हा मुलगा पूर्ण गेमभर तिरसटासारखा वागतो, दुबळे पोकेमॉन नकोत म्हणतो, आणि शेवटी शेवटी कधीतरी त्याच्या संघात क्रोबॅट दिसतो. गोल्बॅट ह्या पोकेमॉनचा क्रोबॅट फक्त मालकावर जीव जडला तरच होतो. म्हणजे पोरगा सुधारला! त्या क्रोबॅटबद्दल गेम चकार शब्द काढत नाही. ज्याला कळलं त्याला कळलं. हॉपला काही वाटलं की तो सांगतो. सांगून झालं की आपले पोकेमॉनही बरे करून देतो.

एक्स्प शेअर, म्हणजे लढाईतला अनुभव न लढलेल्या पोकेमॉनलाही देणारी वस्तू, त्यावरून तर मी चांगल्या मित्राशी भांडलेय. २०१३ च्या एक्स-वायमध्ये ते अख्ख्या संघाला अनुभव वाटू लागलं, पण निदान बंद करता यायचं. सोर्ड-शील्डमध्ये ते बटणच काढून टाकलं. सोपं करा हो, नाही कोण म्हणतंय? पण मला अवघड हवं असेल तर तेवढी एक सोय ठेवायला काय जात होतं? एकदा ठेवली होती म्हणा. २०१२ च्या ब्लॅक २ मध्ये गेम अवघड करणारा चॅलेंज मोड आहे. तो कधी मिळतो? गेम संपवल्यावर. जेवण झाल्यावर लोणचं वाढण्यातला प्रकार.

आणि त्याच्या आधीचा ब्लॅक-व्हाइट! २०१० साली ह्याच मालिकेने एन नावाचा मुलगा समोर उभा करून विचारलं होतं, पोकेमॉनना पकडून लढवणं बरोबर आहे का? स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर बोट. शेवटी त्याच्या वाड्यात त्याची खोली बघायला मिळते. खेळणी पसरलेली, आगगाडी गोल गोल फिरतेय, आणि वाजणारं संगीत इतकं गोड की अंगावर काटा येतो. एवढ्या खोलीत ह्या पोराला वाढवलं, बाहेरचं जग दाखवलं नाही, हे आपण आपलं समजून घ्यायचं. सोर्डमध्ये मात्र शहरात काही स्फोट-बिट झाला की मोठी माणसं म्हणतात, तुम्ही जिमच्या लढतींकडे लक्ष द्या, आम्ही बघतो. आणि खरंच तीच बघतात, आपल्याला न दाखवता.

सगळंच वाईट आहे असं म्हटलं तर खोटं होईल. लेजंड्स आर्सियसमध्ये पोकेमॉन थेट माणसावर धावून येतात, आणि पळताना मी खरंच दचकले होते. स्कार्लेट-व्हायोलेटमधला आर्व्हेन आणि त्याचा आजारी कुत्रा, तिथे मी रडले, हे ताईला माहीत आहे. पण म्हणूनच चीड येते. जमतं की ह्यांना! मग मधेच काय होतं?

तर त्या दिवशी मी कपाटातून जुना गेमबॉय काढला. रुबी सुरू केली तर घड्याळाची बॅटरी संपल्याची सूचना आली, पण गेम चालतो, सेव्हही होतो. माझा आणि ताईचा खेळ पुसला. (ताईला विचारलं नाही. हे वाचून कळेल.) भाच्याने सुरुवातीला नाक मुरडलं, मग दोन महिने गेमबॉय सोडला नाही. ब्रेलचा तक्ता त्याने फोनवर शोधला, ग्रंथालय वगैरे काही नाही, आणि रेलिकँथ मिळेना म्हणून आईच्या वाट्याचे दोन आठवडे त्यानेही घालवले.

काल संध्याकाळी तो रेजाइसच्या गुहेत पोचला. गेमबॉय टेबलावर ठेवला, हात पाठीमागे बांधले. दीडेक मिनिट झालं असेल, मी "अरे, मला आठवतंय, आम्ही पण..." म्हणून सुरुवात केली, तर मान न वळवता म्हणाला, "मावशी, गप्प."