पातळ रिंग लेथवर धरायची कशी, माझा अनुभव

जॉब असा होता: माइल्ड स्टीलची रिंग, बाहेरून १२०, आतून ११२, म्हणजे भिंत फक्त ४ मिमी, रुंदी १५, आणि बोअरला (आतल्या भोकाला) एच७ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट. या साइजला एच७ म्हणजे सगळे मिळून ३५ मायक्रॉन, बस.

थ्री जॉ चकमध्ये (तीन जबड्यांच्या पकडीत) अशी बांगडी आवळली की ती तीन जागी आत दबते, दबलेल्या अवस्थेत बोअर मस्त गोल कापला जातो, डायलचा काटा हलत पण नाही, आणि जॉ सोडले की त्या तीन जागा परत बाहेर येतात आणि बोअर तिकोनी. वैताग म्हणजे दोन पॉइंटच्या बोअर गेजवर हे दिसतच नाही, कारण एका बाजूला फुगवटा असतो तर बरोबर समोर चपटा भाग, व्यास कुठेही घ्या सारखाच. तीन पॉइंटचा गेज फिरवून बघितला तेव्हा खरं काय ते कळतं.

"कमी आवळ" हा सल्ला सगळेच देतात, पण कमी आवळलं की जॉब सरकतो नाहीतर चॅटर (कापताना थरथर) येतो. मला वाटतं प्रश्न किती आवळायचं याचा नाहीच, कुठल्या दिशेने आवळायचं याचा आहे. म्हणून सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे) फक्त रफिंगला, म्हणजे आधीच्या जाड कटिंगला, वापरले. मागे गुटका धरून, जॉ लोडखाली असतानाच, जॉबच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून घेतले, आणि बोअरला, बाहेरून, सगळीकडे अर्धा मिमी ठेवून रिंग काढून घेतली. रफिंगनंतर मटेरियल थोडं वाकतंच, ते सुटं असताना वाकून झालेलं बरं.

मग दोन्ही फेस (बाजूचे सपाट पृष्ठभाग) ग्राइंड करून घेतले. हे टाळू नका, कारण पुढे दाब फेसवरच येणार आहे आणि फेस वाकडा असेल तर रिंग सपाट होऊन बसते आणि सोडल्यावर परत वाकडी. चकमध्ये एक जाड प्लेट धरून जागेवरच फेसिंग मारलं, त्यावर रिंग ठेवली, वरून क्लॅम्प रिंग, बोल्ट सगळे रिंगच्या बाहेरून. क्लॅम्प रिंग बरोबर भिंतीवरच टेकली पाहिजे, आत सरकली तर टूलला आडवी येते. बोल्ट हलके लावून डायलने सेंटर केलं आणि मग समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. आता रिंगला बाहेरून आत दाबणारं काहीच नाही, जे काय आहे ते प्लेटच्या दिशेने.

फिनिशला धारदार इन्सर्ट (टूलचं पातं), ०.२ नोज रेडियस (टोकाची गोलाई), म्हणजे टूल भिंतीला कमी ढकलतं. आणि मोजायच्या आधी जॉब गार होऊ द्यायचा, कारण ११२ मिमी स्टील १० अंश गरम असलं तर जवळपास १३ मायक्रॉन मोठं दाखवतं, म्हणजे एक तृतीयांश टॉलरन्स तिथेच गेला.

बाहेरचं टर्निंग उलटं केलं, प्लेटवर बोअरमध्ये सरकत बसेल असा स्पिगॉट (गोल उठाव), रुंदीला रिंगपेक्षा किंचित कमी, आणि मध्ये एक बोल्ट घालून बाहेरच्या व्यासापेक्षा थोड्या लहान वॉशरने फेस दाबला. सोडून तीन पॉइंटवर चेक केलं, बोअर टॉलरन्समध्ये.

एकच रिंग हवी असेल तर मात्र एवढं फिक्स्चर करत बसू नका. लांब पाइपाच्या टोकाला आतून बाहेरून फिनिश करा, सगळ्यात शेवटी पार्टिंग (रिंग कापून वेगळी करणं), मागचा फेस नंतर बघू.