विजापूरची हिवाळी हवा आणि आत्येचा खोकला

संध्याकाळी गोव्यात डिचोलीला घरी पोचलोय पण नाकात अजून विजापूरच आहे. सकाळी सातला आत्येच्या गच्चीवरून गोलघुमटाची नुसती सावली दिसत होती. आत्ये म्हणाली, "धुकं नव्हे रे बाबा, धूर नि धूळ ती, नाकाला रुमाल लाव आधी." कठड्यावरून बोट फिरवलं तर मैद्यासारखी बारीक करडी धूळ.

विजापूर साधारण 600 मीटर उंचीवर, आपला पाऊस घाट अडवतो त्यामुळे तिकडे वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पडतो, आपल्याकडे 3000 च्या आसपास. थंडीत आभाळ मोकळं, कोरडी जमीन रात्री पटकन गार होते, मग गार हवा खाली नि उबदार हवा वर झाकणासारखी, आणि चुलीचा, कचऱ्याचा, गाड्यांचा सगळा धूर त्याच्याखाली अडकून बसतो. उन्हं वर आली की सुटतो. आपल्याकडे निदान दुपारी समुद्राचा वारा येतो, तरी खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारा!

आपल्या देशात पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक, फुफ्फुसात खोल जाणाऱ्या कणांची, 24 तासांची मर्यादा घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 सांगितली. केवढा फरक!

आत्येला बजावून आलोय, फिरायला दहानंतर जा, अंगणात पाणी शिंपडूनच झाडू मार, नि बाहेर साधा रुमाल नको, एन-95 लाव. रात्रभर खोकत होती बिचारी, खरंच काळजी वाटते.