अभिषिक्त कोण?

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायच्या भाकर-द्राक्षारसाचं, तबक आमच्या बाकावरून पुढे गेलं तेव्हा शेजारच्या मावशींनी हात मांडीवरच ठेवले. त्या अधूनमधून दुसऱ्या मंडळीच्या, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या, प्रार्थनेला जातात, म्हणून त्यांना भोजन बंद केलंय. उपासनेनंतर मी पाळकांना, आमच्या धर्मगुरूंना, विचारलं, हे कोणत्या वचनाच्या आधाराने? ते म्हणाले, "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये." म्हणजे देवाने खास निवडलेल्या माणसाला; इथे स्वतः पाळकांना.

आमचे पाळक वाईट नाहीत. कुणाच्याही आजारपणात रात्री-अपरात्री धावून येतात. म्हणूनच ते उत्तर जास्त लागलं. लहानपणापासून तेच ऐकत आले आहे: हिशेब विचारला की अभिषिक्त, संदेशातली एखादी गोष्ट पटली नाही की अभिषिक्त.

घरी येऊन बायबलमधलं स्तोत्र १०५ उघडलं. हे वचन तिथे आहे खरं, पण ते कुणाला उद्देशून आहे? राजांना! आणि अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, इस्राएलचे पूर्वज. तेव्हा ती संख्येने मूठभर माणसं होती, परक्या मुलखात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारी. सत्ता असलेल्यांनी त्यांना छळू नये म्हणून देवाने दिलेली ती ताकीद आहे. आज बाकावर गप्प बसलेल्या मावशींच्या बाजूने उभं राहणारं वचन त्यांच्याच विरुद्ध वापरलं गेलं. हे कळलं तेव्हा डोळे भरून आले.

दावीदाचंही तेच. जिवावर उठलेल्या शौल राजाला मारायला त्याने नकार दिला, कारण शौल परमेश्वराचा अभिषिक्त. पण शौल हाती सापडला होता त्या एन-गेदीच्या गुहेबाहेर येऊन, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याने राजाला सगळ्यांदेखत जाब विचारलाच. हात न लावणं म्हणजे तोंड न उघडणं, असा अर्थ त्याने तरी काढला नव्हता. आणि प्रेषित योहान बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात हा अभिषेक सगळ्याच विश्वासणाऱ्यांना मिळालाय म्हणतो. मग मावशी कोण?

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला पत्र लिहायला घेतलंय. मंडळी सोडायची नाही. प्रभू मला तिथेच भेटला, त्याच बाकांवर. पण त्याच्याशी बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही, हे आज पहिल्यांदा अगदी आतून जाणवलं आणि प्रार्थना कितीतरी मोकळी झाली.

पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि चर्चची शिकवण निमूट मान्य करावी असा आग्रह झाला तेव्हा १८८५ मध्ये तिथल्या जोगीण सिस्टर जेरल्डीनना स्पष्ट लिहिलं: पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची तयारी नाही. ख्रिस्ताला मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. केडगावात मुक्ती मिशन उभं केलं, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवलं, साध्यासुध्या बायकांना ते आपलं आपण वाचता यावं म्हणून.